दुकान नावाची संहिता : उंची सेंद्रिय किराणा दुकान आणि त्याचा ग्राहक-वाचक

१. प्रश्नाचे स्वरूप

ग्राहकाचे वर्तन हा अर्थशास्त्र, विपणनशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा विषय मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने दुकानाकडे वळावे असे तेथे काही असेल, असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि गेल्या चार-साडेचार दशकांत अमेरिकेत वाढलेल्या उंची सेंद्रिय किराणा दुकानांच्या बाबतीत ही विभागणी फारशी टिकत नाही. या दुकानांत जे विकले जाते त्यातील मोठा भाग शब्दांनी घडविलेला असतो आणि तेथील ग्राहक सतत काही ना काही वाचत असतो. या वाचनाचे स्वरूप काय, ते कोणत्या वाङ्मयप्रकाराच्या संकेतांवर चालते आणि त्या संकेतांमुळे काय दृष्टीआड होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी 'होल फूड्स मार्केट' या अमेरिकी दुकानसाखळीचे उदाहरण घेतले आहे. अशा दुकानांचा नमुना घडविण्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि तिची चिकित्साही विपुल झालेली आहे.

जुन्या पद्धतीच्या किराणा दुकानात माल दुकानदाराच्या पाठीमागे असे. गिऱ्हाईक मागणी करी, दुकानदार जिन्नस काढून, तोलून, पुडीत बांधून देई. मालाच्या गुणाची हमी त्याच्या तोंडच्या शब्दात आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीत असे. फसगत झाली तर भांडण्यासाठीही समोर माणूस असे. १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स याने मेम्फिस येथे 'पिगली विगली' हे दुकान उघडले. तेथे गिऱ्हाइकाने स्वतः फळ्यांमधून हिंडून माल उचलायचा होता. या स्वयंसेवेने दुकानातील संवाद संपविला आणि त्याची जागा वेष्टनावरील मजकुराने घेतली. गिऱ्हाईक 'बोलणारे' होते ते 'वाचणारे' झाले. मौखिक परंपरेकडून लिखित परंपरेकडे होणारे संक्रमण साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. येथे ते किराण्याच्या व्यवहारात घडले.

सेंद्रिय मालाच्या बाबतीत या वाचनाला वेगळेच महत्त्व येते. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये वस्तूच्या गुणांचा एक वर्ग दाखवून दिला : असे गुण, की जे विकत घेण्यापूर्वी पाहून कळत नाहीत आणि उपभोग घेतल्यावरही सहजी पडताळता येत नाहीत, त्यांवर केवळ विश्वास ठेवावा लागतो. टोमॅटो पिकलेला आहे हे डोळ्यांना दिसते, गोड आहे हे जिभेला कळते. पण तो रासायनिक खतांवाचून वाढविला आहे, हे ना डोळ्यांना दिसते ना जिभेला कळते. म्हणजे ज्या गुणासाठी ग्राहक अधिक दाम मोजतो, तो गुण त्याच्या अनुभवाच्या कक्षेबाहेरचा असतो. तो गुण त्याला सांगावा लागतो, आणि जेथे सांगावे लागते तेथे कथन येते. सेंद्रिय दुकानातील मजकुराची विपुलता ही म्हणून केवळ सजावट ठरत नाही. विक्रेय वस्तूचाच तो एक घटक असतो.

२. शब्दाचा प्रवास : इंदूर ते ऑस्टिन

'ऑरगॅनिक' या शब्दाला त्याच्या बाजारी अर्थापूर्वी मोठा वाङ्मयीन आणि तात्त्विक इतिहास आहे. रेमंड विल्यम्स यांनी 'कीवर्ड्स' (१९७६) या ग्रंथात त्याची स्वतंत्र नोंद केली आहे. यांत्रिक रचनेहून वेगळी, आतून वाढणारी, अवयव आणि अवयवी यांचे अतूट नाते असलेली रचना हा त्याचा अर्थ जर्मन आणि इंग्रजी स्वच्छंदतावादाने रूढ केला. ए. डब्ल्यू. श्लेगेल आणि कोलरिज यांच्या विवेचनातून तो साहित्यविचारात स्थिरावला. मराठी समीक्षेतील 'सेंद्रिय एकता' ही संज्ञा त्याच परंपरेतून आलेली आहे.

शेतीच्या क्षेत्रात हा शब्द १९४० च्या सुमारास आला. लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'लुक टू द लँड' या पुस्तकात शेत हेच एक सजीव अवयवी आहे अशी कल्पना मांडून 'सेंद्रिय शेती' ही संज्ञा वापरली. त्याच वर्षी आल्बर्ट हॉवर्ड यांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले आणि १९२४ ते १९३१ या काळात होळकर संस्थानातील इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते. शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ते ठरावीक दिवसांनी वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची जी पद्धत त्यांनी सिद्ध केली, ती 'इंदूर पद्धत' या नावानेच जगभर ओळखली गेली. या पद्धतीचे विवेचन करणारे 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या त्यांच्या रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्याचेही नाव आहे. भारतीय शेतकऱ्याला आणि पिकांवरील किडींनाही हॉवर्ड आपले गुरू मानीत. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ पासून एका मासिकाद्वारे हा विचार पसरविला आणि १९६० नंतरच्या प्रतिसंस्कृतीच्या चळवळीने तो उचलून धरला.

होल फूड्सचा उगम याच वातावरणातला. जॉन मॅकी आणि रेने लॉसन यांनी १९७८ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे नैसर्गिक खाद्यपदार्थांचे एक छोटे दुकान काढले होते. त्याचे दुसऱ्या एका दुकानाशी एकत्रीकरण होऊन १९८० मध्ये 'होल फूड्स मार्केट' उभे राहिले. पूर्वीच्या आरोग्यान्न-भांडारांप्रमाणे व्रतस्थपणा न पाळता त्याने मांस, मद्य आणि मिठाईही विक्रीस ठेवली. १९८१ मध्ये ऑस्टिनला आलेल्या पुरात दुकानाचे मोठे नुकसान झाले. तेव्हा ग्राहक आणि शेजारी स्वतः चिखल उपसायला आले, ही घटना कंपनी आपली उत्पत्तिकथा म्हणून आजही सांगते. घटना खरी आहे. पण तिचे वारंवार होणारे कथनही तितकेच अर्थपूर्ण आहे. ग्राहक हा गिऱ्हाईक नसून एका कुटुंबाचा घटक आहे, असे ती कथा सुचविते.

अमेरिकी संसदेने १९९० मध्ये सेंद्रिय अन्न उत्पादनाचा कायदा केला आणि त्याखालील राष्ट्रीय मानके २००२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाली. त्या क्षणी 'सेंद्रिय' या शब्दाला कायदेशीर व्याख्या मिळाली. पण अर्थ आक्रसला. 'शेत हे अवयवी' या कल्पनेच्या जागी कोणती द्रव्ये चालतील आणि कोणती चालणार नाहीत यांची यादी आली. मानके पाळणारी हजारो एकरांची एकपीक शेतीही आता सेंद्रिय ठरू लागली. शब्द मात्र जुनाच राहिल्याने ग्राहक त्यात जुना, व्यापक अर्थच वाचत राहिला. या दोन अर्थांमधील अंतर भरून काढणे हेच दुकानातील कथनाचे कार्य होय.

३. दुकानातील वाट

दुकानाची रचना ग्राहकाच्या वर्तनाला कसे वळण देते, याचे कादंबरीतील एक ठळक चित्रण एमिल झोलाच्या 'ओ बोनूर दे दाम' (१८८३) मध्ये आढळते. त्यातील मूरे हा पॅरिसमधील प्रचंड दुकानाचा मालक आपल्या दुकानाचे विभाग मुद्दाम विस्कळीत मांडतो. एका वस्तूसाठी आलेल्या बाईला सारे दुकान ओलांडावे लागावे आणि वाटेत दहा मोह भेटावेत, हा त्यामागील हेतू. सेंद्रिय दुकानाची वाटही योजनापूर्वक आखलेली असते. फक्त तिची भाषा मोहाची नसून निरागसतेची असते. दाराशीच फुले, त्यानंतर फळे आणि पालेभाज्या. पालेभाज्यांवर पाण्याचा तुषार. लाकडी खोक्यांचा आभास देणारी मांडणी. बर्फावर मांडलेली मासळी. डबाबंद माल पुढे येतो. तोपर्यंत आपण दुकानात नसून मळ्याच्या बांधावर आलो आहोत, अशी ग्राहकाची मनोवस्था तयार झालेली असते.

या मांडणीतील काळ्या फळ्यांचा विशेष विचार केला पाहिजे. त्यांवर खडूने, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांत भाव आणि मालाचे गाव लिहिलेले असते. खडूचे अक्षर पुसता येते. म्हणून हा माल आज सकाळीच आला आणि उद्या फळ्यावर दुसरेच काही असेल, असे ते सुचविते. होल फूड्सने अशा फळ्यांसाठी दुकानोदुकानी चित्रकार नेमले होते. छापील मजकुराने ज्या मौखिक संवादाची जागा घेतली, त्या संवादाची आठवण छापील मजकुरालाच हस्ताक्षराचे रूप देऊन जागविण्याचा हा प्रकार आहे. शेतकऱ्याचे हसरे छायाचित्र, त्याच्या कुटुंबाची दोन-चार वाक्यांतील हकिगत, कोंबडी किंवा डुक्कर कसे वाढविले याची पायऱ्यांनी केलेली प्रतवारी, हे सारे त्याच योजनेत बसते. दुकानदाराचे तोंड गेले. त्याच्या बदल्यात उत्पादकाचा चेहरा आला. पण हा चेहरा उत्तर देत नाही.

ग्राहकाच्या वर्तनावर याचा परिणाम मोजलाही गेला आहे. जोनाथन शुल्ट आणि नॉर्बर्ट श्वार्त्स यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बिस्किटांवर 'सेंद्रिय' असा शब्द असला की लोक त्यांत उष्मांक कमी असल्याचे मानतात, असे आढळले. वस्तुतः सेंद्रिय साखरेतही उष्मांक तेवढेच असतात. एका गुणाविषयीचे विधान वाचून वाचकाने दुसऱ्या, न सांगितलेल्या गुणाचे अनुमान करावे, हा व्यंजनेचाच व्यापार म्हणता येईल. शिवाय अशा दुकानात सगळा माल सेंद्रिय नसतो. साध्या शेतीतील फळेही शेजारीच मांडलेली असतात. तेथे दुकानाच्या एकूण वातावरणाची आभा त्यांनाही मिळते. मुख्य अर्थ एका वस्तूचा आणि ध्वनी मात्र सगळ्या दुकानाचा, अशी ही स्थिती आहे.

४. जानपद कल्पित आणि त्याचा वाचक

मायकेल पोलन यांनी 'द ऑम्निव्होर्स डिलेमा' (२००६) या पुस्तकात होल फूड्समधील या मजकुराला एक वाङ्मयप्रकार मानले आणि त्याला 'सुपरमार्केटमधील गोपकाव्य' अशा अर्थाचे नाव दिले. ही संज्ञा केवळ चटकदार नाही; ती नेमकी आहे. थिओक्रिटस याने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात जे गोपकाव्य रचले, त्याचा श्रोता अलेक्झांड्रियासारख्या नगरीतला होता. गुराख्याचे गाणे शहरी माणसासाठी रचले जाते, हा या प्रकाराचा मूळ संकेत आहे. उंची सेंद्रिय दुकानही सुशिक्षित, सुखवस्तू वस्तीतच उघडते.

मराठी वाचकाला याचे समांतर उदाहरण जानपद गीतांत सापडेल. रविकिरण मंडळाच्या काळात बहरलेल्या या गीतांत मोट, पाखरे, शिवार आणि प्रीती यांचे गोड चित्र होते. १९७० नंतरच्या ग्रामीण साहित्य चळवळीने त्यातील नागर दृष्टीवर बोट ठेवले. पोलन यांनी असेच बोट एका कोंबडीवर ठेवले आहे. मोकळ्या वावरातील म्हणून विकल्या जाणाऱ्या या सेंद्रिय कोंबडीचा माग काढीत ते कॅलिफोर्नियात गेले, तेव्हा त्यांना हजारो पक्ष्यांच्या लांबलचक शेडला असलेले एक छोटे दार दिसले. पक्षी पाच-सहा आठवड्यांचे होईपर्यंत ते बंद असे आणि त्यानंतर दोन आठवड्यांत त्यांची कत्तल होई. तोवर आतच राहण्याची सवय झालेले पक्षी उघड्या दारातूनही सहसा बाहेर पडत नसत. वेष्टनावरील विधान खोटे नव्हते. वाचकाने त्यातून वाचलेले कुरण मात्र तेथे नव्हते.

मग हा ग्राहक भाबडा म्हणावा काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते पुराव्याशी जुळत नाही. महागाईमुळे या दुकानाला अमेरिकी लोकांनी 'सगळा पगार' अशा अर्थाचे टोपणनाव दिले आणि तरीही ते तेथे जात राहिले. जोझे जॉन्स्टन आणि मिशेल साबो यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात होल फूड्सच्या ग्राहकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. अन्नव्यवस्थेच्या राजकारणाचे भान असलेले ग्राहकही मुख्यतः खरेदीच्या नेहमीच्या सुखांसाठीच तेथे येतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे ग्राहकाला शंका असते. तो ती काही काळ बाजूला ठेवतो. कोलरिज याने १८१७ मध्ये काव्यवाचकाच्या संदर्भात अविश्वासाच्या ज्या स्वेच्छ स्थगितीचा सिद्धान्त मांडला, तिचेच हे रूप आहे. फरक एवढाच की, नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर प्रेक्षक आपला अविश्वास परत घेतो. येथे मात्र तो पैसे देऊन, पिशवी घेऊन घरी येतो आणि आपण एक चांगले कृत्य केले, हा भाव त्या पिशवीबरोबर येतो.

अमेरिकी साहित्याने दुकानातील या वाचकाची दखल फार आधी घेतली होती. ॲलन गिन्सबर्ग याच्या १९५६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'अ सुपरमार्केट इन कॅलिफोर्निया' या कवितेत वॉल्ट व्हिटमन रात्रीच्या दुकानात हिंडतो आणि मांडलेल्या मालाला त्याच्या किमतीविषयी, त्याला मारणाऱ्याविषयी प्रश्न विचारतो. पुढच्या काळात सेंद्रिय दुकानाने वेष्टनांवर जी उत्तरे छापली, ते प्रश्न जणू या कवितेने आधीच विचारून ठेवले होते. डॉन डिलिलो याच्या 'व्हाइट नॉइज' (१९८५) या कादंबरीच्या अखेरीस दुकानातील फळ्यांची मांडणी अचानक बदलली जाते आणि ग्राहक भांबावून जातात. आपण येथे चालत नसून वाचत होतो, याची जाणीव संहिता विस्कटल्यावरच होते, हे त्या प्रसंगाचे मर्म आहे.

५. संहितेतून वगळलेले

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) मध्ये इंग्रजी गोपकाव्याच्या परंपरेवर घेतलेला प्रमुख आक्षेप असा की, त्यातील भूमी आपोआप फळते. राबणारे हात चित्रातून पुसले जातात. सेंद्रिय दुकानाच्या संहितेलाही हा आक्षेप लागू होतो. तेथे कोंबडी कशी वाढली हे सांगितले जाते. भाजी कोणी खुडली, त्याला काय मजुरी मिळाली, हे सांगितले जात नाही. अमेरिकेची सेंद्रिय मानके मातीत काय घालावे याविषयी बोलतात, मजुराच्या वेतनाविषयी बोलत नाहीत. छायाचित्रात मालक-शेतकरी असतो, मोसमी मजूर सहसा नसतो. दुकानातील नोकरांना कंपनीच्या भाषेत 'संघ-सदस्य' म्हटले जाते. फिलाडेल्फियातील एका दुकानाच्या कामगारांनी मात्र जानेवारी २०२५ मध्ये कामगार संघटनेच्या बाजूने मतदान केले. कुटुंबाच्या कथेतील पात्रांनीच ती कथा वेगळ्या शब्दांत सांगितली, असा त्याचा अर्थ घेता येईल.

येथे एक योगायोग तुलनाकाराने ध्यानात घेण्याजोगा आहे. झोलाची दुकानावरील कादंबरी १८८३ ची. महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हाही १८८३ चाच. एका ग्रंथात माल विकला जाण्याची जागा आहे, दुसऱ्यात तो पिकविणाऱ्याची दैना. दोघांत कोणताही प्रभावसंबंध नाही. परंतु दुकानाची संहिता शेताच्या संहितेपासून किती तुटलेली असू शकते, हे ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते. सेंद्रिय दुकान हे तुटलेपण मिटविण्याचे आश्वासन देते, आणि त्याचे आकर्षण खोटे नसून खऱ्या उणिवेतून आलेले आहे, हेही मान्य केले पाहिजे.

विश्वासावर चालणाऱ्या या व्यवहाराला धक्का बसला तो विश्वासाबाहेरच्या, तराजूवर पडताळता येणाऱ्या एका गोष्टीमुळे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहकविषयक खात्याने २०१५ मध्ये होल फूड्सच्या तेथील दुकानांत आधीच बांधून ठेवलेल्या मालावर प्रत्यक्षाहून अधिक वजन लिहिलेले असल्याचे जाहीर केले. कंपनीच्या प्रमुखांनी चूक मान्य केली आणि वर्षअखेरीस ५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले. २०१७ मध्ये ॲमेझॉनने १३.७ अब्ज डॉलरला ही साखळी विकत घेतली आणि पहिल्याच दिवशी केळी, ॲव्होकॅडो आदी काही जिनसांचे भाव उतरविले.

तथापि चिकित्सेचा परिणाम होत नाही असेही नाही. पोलन यांच्या पुस्तकानंतर मॅकी यांनी त्यांना जाहीर पत्र लिहिले, २००७ मध्ये बर्कली येथे दोघांचा जाहीर संवाद झाला आणि कंपनीने स्थानिक शेतकऱ्यांकडून खरेदी वाढविण्याची पावले उचलली. एका वाचकाने संहितेची कसून केलेली चिकित्सा संहिताकाराला मजकुरापलीकडे जाऊन काही करावयास लावू शकते, याचा हा दाखला आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, उंची सेंद्रिय दुकानातील ग्राहक वस्तूबरोबर एक वाङ्मयप्रकारही विकत घेतो आणि त्या प्रकाराचे संकेत त्याला पुष्कळसे ठाऊक असतात. त्याला फसवला गेलेला मानण्यापेक्षा अर्धवट वाचन करणारा मानणे अधिक योग्य होईल. मजकुरात जे आहे ते तो वाचतो. जे नाही ते वाचण्याची सवय त्याला नसते. अनुपस्थिताचे वाचन हा समीक्षेचा जुना व्यवसाय आहे, आणि म्हणूनच या विषयात साहित्याच्या अभ्यासकाला काम आहे.

मराठीत या मालाला 'सेंद्रिय', 'जैविक', 'नैसर्गिक', 'विषमुक्त' असे अनेक शब्द वापरले जातात. त्यांतील 'विषमुक्त' हा शब्द खाणाऱ्याच्या भीतीतून आलेला आहे, तर 'सेंद्रिय' हा मातीच्या आणि रचनेच्या विचारातून. 'सेंद्रिय' या शब्दात इंद्रिये आहेत. पण ज्या गुणाचे तो नाव आहे, तो गुण इंद्रियांना कळत नाही. या विसंगतीतच दुकानाच्या संहितेला जागा मिळते. ती संहिता वाचताना तिच्या मुळाशी इंदूरच्या खड्ड्यांत थर वरखाली करणारे मजूर होते, मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या शेजारी वाड हे नावही होते, एवढे स्मरण वाचकाने ठेवले, तरी शब्दाचा आक्रसलेला अर्थ थोडासा उलगडेल.